मागून येणारी नावं

"भीमसिंग," मयूरी मागून पुटपुटली.

"आणि चढाईला येतोय भीमसिंग पावरा, तोरणमाळचा." हेमकांतचा आवाज शहाद्याच्या मैदानावरच्या भोंग्यांतून घुमला. तोच आवाज टीव्हीवरही जात होता.

तिने श्वास सोडला. समालोचकांच्या मांडवात ती गुण टिपायला बसते, असं वाहिनीवाल्यांना वाटायचं. खरं तर ती नवऱ्याला नावं पुरवायला बसायची. हेमकांत एके काळचा नावाजलेला व्यावसायिक कबड्डीपटू. खेळणं थांबल्यावर तो समालोचक झाला आणि लोक त्याच्या आवाजावर फिदा झाले. पण वर्षभरापासून त्याच्या डोक्यातून माणसांची नावं गळू लागली होती. डोक्याला बसलेल्या मारांचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातला एक मार तर सगळ्यांना ठाऊक होता. पकड करताना त्याच्या कानशिलावर गुडघा बसला, तो भेलकांडला आणि तरीही उठून पुढची पकड त्यानेच केली. ती गोष्ट तो टीव्हीवर कौतुकाने सांगायचा. डॉक्टरांचं म्हणणं मात्र दोघांनी घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. कळलं असतं तर माइक गेला असता.

आज सकाळी त्याने लेकीला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. तेव्हापासून मयूरीने त्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

अंतिम सामना रंगात आला होता. यजमान नंदुरबार एका गुणाने मागे होतं. त्यांचा भीमसिंग आत घुसला. दोघांनी त्याची कंबर धरली, तिसरा धावत आला आणि डोक्यावर डोकं आदळलं. आवाज मांडवापर्यंत आला. तरी पोराने पडल्या पडल्या हात लांबवून मध्यरेषा गाठली.

मैदान दणाणलं. भीमसिंग उठला, सावकाश चालत गेला आणि समोरच्याच संघात जाऊन उभा राहिला. लोक हसले. त्याच्या सोबत्यांनी त्याला दंडाला धरून परत आणलं. प्रशिक्षक उदेसिंग यांनी बाहेरूनच त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्या चढाईसाठी पुन्हा त्यालाच खूण केली.

हेमकांत गप्प झाला.

"भीमसिंग," मयूरी पुटपुटली. "भीमसिंग पावरा. तोरणमाळ."

भोंग्यांतून नुसती खरखर येत होती. त्याच्या कानातल्या यंत्रात निर्माता ओरडत होता, ते तिलाही ऐकू आलं. "बोला हेमकांतभाऊ, काहीतरी बोला." लोक माना वळवून मांडवाकडे बघू लागले. संपलं सगळं, तिला वाटलं. तिने हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

त्याने तो हात धरला. "आते ऱ्हाऊ दे," तो हळूच घरच्या अहिराणीत म्हणाला. "माले सांगू दे."

मग त्याने माइक जवळ ओढला.

"पंच, खेळ थांबवा. त्या पोराला बाहेर काढा. मलाही असाच मार लागला होता. मी खेळत राहिलो म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या. आज सकाळी मला माझ्या मुलीचं नाव आठवलं नाही. इथे बसून मी जी नावं घेतो, ती माझी बायको मला मागून सांगते."

पंचांनी शिट्टी फुंकली. पोरगा ठणठणीत आहे, त्याला खेळू द्या, असं म्हणत उदेसिंग हातवारे करत धावत आले. मैदानावरच्या डॉक्टरांनी भीमसिंगला मांडवाला लागूनच खुर्चीवर बसवलं.

"नाव काय तुझं?"

पोराने डोळे बारीक केले. डॉक्टरांकडे बघितलं. मग उदेसिंगांकडे बघितलं, तेच सांगतील अशा आशेने. उदेसिंगांचे हात खाली आले.

हेमकांत मांडवाच्या कठड्यावरून वाकला. "भीमसिंग," तो म्हणाला. "भीमसिंग पावरा. तोरणमाळचा."

मयूरीने ओठही हलवले नव्हते.