कोमट मूठ

प्लिमथचा ॲल्विन ट्रेनीर नौदलातली जुनी शस्त्रं हौसेनं जमवायचा. त्यातल्या एका रिव्हॉल्व्हरची मूठ कायम कोमट असायची, कुणी नुकतंच हातातून खाली ठेवल्यासारखी.

मुठीवरच्या क्रमांकावरून त्यानं माग काढला. ते पेंगेली नावाच्या नौसैनिकाचं होतं. रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर राहिलं आणि पेंगेली जहाजाबरोबर बुडाला. त्याची मुलगी लव्हडे तेव्हा आईच्या पोटात होती.

ॲल्विन ते तिला दाखवायला घेऊन गेला. म्हाताऱ्या लव्हडेनं मूठ धरली आणि डोळे मिटले.

"बाबांनी मला कधी जवळ घेतलंच नाही रे," ती म्हणाली.

चहा निवून गेला. उगाच आणलं, असं ॲल्विनला वाटलं.

"द्या इकडे, आजी. निघतो मी."

"कसं देऊ?" तिची बोटं दाबून पांढरी पडली होती. "ते माझा हात सोडत नाहीयेत."