वजनकाट्याची तपासणी

या, असं जवळ सरकून बसा. टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. वडपे गावच्या गोदामातली एक गोष्ट ऐका, मग पुढचा अभंग घेऊ.

मृणालीकडे गोदामाचा जुना प्रोग्राम साफ करायचं काम आलं होतं. त्यातले ग्लोबल ऑब्जेक्ट काढायचे होते. ग्लोबल ऑब्जेक्ट म्हणजे नाक्यावरचा उघडा माठ. प्रोग्रामच्या कुठल्याही भागाने यावं, हात बुडवावा. पाणी गढूळ कुणी केलं ते कळायचं नाही.

"गुरुवारी साफ केलेला प्रोग्राम चालू होणार. गेटवर घोळ झाला, तर पर्मनंट व्हायचं विसर," मॅनेजर भावेशसरांनी बजावलं होतं.

शेवटी एकच ऑब्जेक्ट उरला. नाव लडकू. दुपारी एक वाजला की हा लडकू प्रत्येक ट्रक अर्धा तास अडवायचा. पडद्यावर यायचं, 'वजनकाट्याची तपासणी चालू आहे'.

"पण काटा तर कुणी तपासतच नाही," मृणाली म्हणाली.

"आधीच्या प्रोग्रामरची, सुभाषकाकांची करामत," शेजारच्या टेबलावरचा ओसामा हसला. "उडव. लडकूला कोण विचारतंय?"

तिने उडवला. गुरुवारी ट्रक सटासट निघाले. ओसामाने कटिंग चहा पाजला.

दीड वाजता ती गेटसमोर रंगूबाईंच्या खानावळीत गेली. बाकडी रिकामी, टोप भरलेले.

"काटा तपासाचा बंद केला काय गो?" रंगूबाईंनी विचारलं. "डायवर तशेच उपाशी गेले. त्याच अर्ध्या तासान जेवाचे बिचारे."

मृणाली न जेवताच उठली. ती परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसली.

"परत घालतेस? नोकरी जाईल. थोडा सोच," ओसामा म्हणाला.

"माठ नाही मांडत. प्रत्येक ट्रकच्या ऑब्जेक्टला त्याचा त्याचा अर्धा तास देते."

त्या अर्ध्या तासाचं नाव मात्र तिने लडकूच ठेवलं.

शुक्रवारी एक वाजता ट्रक थांबले. पाचच मिनिटांत भावेशसर टेबलाशी उभे.

"काल गाड्या थांबल्या नाहीत. आज परत थांबल्या. कुणाचं काम?"

"माझं, सर."

"चल."

मृणालीने पर्सही उचलली. सर गेटबाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि रंगूबाईंच्या बाकड्यावर जाऊन बसले. ड्रायव्हर हसत सरकले, जणू सरांची ती जागा रोजचीच. सरांनी एक ताट तिच्यापुढे ओढलं.

"सुभाषला ते मीच लिहायला सांगितलेलं," ते म्हणाले. "लडकू माझा बाप. जन्मभर ट्रक चालवला, गरम भाकर कधी नशिबात न्हाय. जेव आता. आणि पहिल्या घासाला त्याची आठवण काढ."