काकूंचं अळू

सुभद्राकाकूंनी पाण्याची ओंजळ विश्रामपुढे धरली. त्याच्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी काकूंनी अळू लावलं होतं, आणि ते ज्या झऱ्यावर वाढायचं त्याचंच हे पाणी. "इतकी वर्षं काचेसारखं यायचं. आजच लाल का रे?"

विश्रामनं ते बोटांनी चोळलं. वडिलांनी घातलेल्या बांधाचीच माती होती.

"झरा कसला, काकू! धरणच आतून वाहून चाललंय."

तळं रिकामं केलं नाही तर बांध फुटणार. केलं, तर खालच्या चाळीस घरांना उन्हाळाभर पाणी नाही. "सगळ्यांना हंडे-पिंपं भरून घ्यायला सांगा," म्हणत त्यानं झडपेचं चाक फिरवलं.

काकूंचं अळू भर मार्चमध्येही हिरवंगार होतं. ‘आमच्या धरणाला थेंबाची गळती नाही,’ असं मिरवत बारा वर्षं त्यानं याच अळूचं फदफदं मिटक्या मारत खाल्लं होतं.