हाताला आठवतं ते

फिलोमिना सुईण आपला कृत्रिम हात घेऊन दुरुस्ती केंद्रात आली.

"साठवणुकीची पद्धत बदलली," तंत्रज्ञ कदम म्हणाले. "हातातले पंधरा वर्षांचे स्पर्श तिच्यात बसत नाहीत, पुसावे लागतील. नाहीतर उद्यापासून हात बंद."

"पोटातलं मूल आडवं आहे, हे या हाताला चाचपून कळतं. तेच पुसणार?"

"वरचा हुकूम आहे, बाई."

"मग नव्या पद्धतीला आधी जुनं वाचायला शिकवा. तोवर मी उठणार नाही."

रांगेतल्या सुताराने काढून ठेवलेला हात पुन्हा खांद्याला जोडला आणि तो तिच्याशेजारी जाऊन बसला. त्याच्यामागून बाकीचेही बसले.

दुपारी कदमांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. "साहेब, नव्या पद्धतीला जुनं वाचता येईल असा प्रोग्राम लिहून पाठवा. इथून कुणीही हलत नाही."