सात गाडगी आणि एक डबी

ध्रुवचं बारसं झालं ते २०२३ साल. सून ज्ञानदाच्या बाळंतपणाला न्युरेम्बर्गला आलेल्या विभावरीबाईंच्या परतीला आता तीन दिवस उरले होते.

"आई, आज माझ्याबरोबर चला," ज्ञानदा म्हणाली. "उद्या आमचं खोदकाम वाळू टाकून बुजवणार. ध्रुवला यशवंत बघेल."

ज्ञानदा पुरातत्त्वाचं काम करायची. शहरापासून तासाभरावर नदीत सोनं शोधायला माणसं लोटायची, त्या काळातली रस्त्याकडेची सराई होती. ती पाडून झाली होती. तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती.

धुकं होतं. जमिनीवर भिंतींच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. विभावरीबाई नसलेल्या दारातून वाकून आत गेल्या. तळघरात सात गाडगी ओळीने पुरलेली होती, तोंडावर झाकणं.

"सगळ्यांना वाटलं, सोनं असेल," ज्ञानदा हसली. "निघाली काळी माती."

विभावरीबाई बघत राहिल्या. "वार पुरलीय गं. सात बाळंतपणं झाली या घरात."

ज्ञानदाने ते जर्मनमध्ये सांगितलं, तशी तिच्या म्हाताऱ्या साहेबाने मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर. प्रयोगशाळाही तेच म्हणते." मग तो कॉफी आणायला गाडीकडे गेला.

विभावरीबाईंनी कमरेची पिशवी सोडली. आतून पितळेची डबी काढली.

"बाळाची नाळ आहे. इथे ठेवू दे."

"आई, खोदकामात आजची वस्तू सापडली तर माझी नोकरी जाईल. साताऱ्याला परसात पुरा ना."

"सासूबाई परसात नको म्हणाल्या होत्या."

"कधी?"

विभावरीबाई डबी पदराने पुसत राहिल्या. "एकटं पडतं गं. इथे सात जण आहेत."

डबी काळवंडली होती. झाकण तारेने आवळलेलं होतं.

"एवढी जुनी डबी कशाला घेतलीत? माझ्याकडे चांगली होती."

"हीच होती."

ज्ञानदाने गाडीकडे पाहिलं. साहेब पाठमोरा उभा होता.

"मी वर फोटो काढते," ती हळूच म्हणाली. "पाच मिनिटं. आणि खोल पुरा."

ती परतली तेव्हा सातव्या गाडग्याशेजारची माती तळहाताने सारखी केलेली होती. येताना गाडीत विभावरीबाई गाढ झोपल्या. इथे आल्यापासून त्या दिवसा कधी झोपल्या नव्हत्या.

रविवारी त्या साताऱ्याला परत गेल्या. सोमवारी ध्रुवला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून ज्ञानदाने त्याची पिवळी तपासणी-वही उघडली. आतून एक पाकीट पडलं. कापसात वाळलेली नाळ होती. पाकिटावर विभावरीबाईंच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ध्रुवची'.

"यशवंत," तिने विचारलं, "मग आईंच्या डबीत काय होतं?"

यशवंतने ध्रुवला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

यशवंतच्या आधी विभावरीबाईंना एक मुलगा झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी, ४ मार्च १९८१ रोजी, तो वारला.