फार तर वीस वर्षं

समुद्राने किनारा किती खाल्ला ते मोजायला आलेले साहेब टेप गुंडाळत फोनवर म्हणाले, "सर, इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम." गेल्या पावसाळ्यात सुरूच्या झाडांची अख्खी रांग वाहून गेली होती. आता भरतीचं पाणी द्वारकाकाकींच्या कुंपणाशी येऊन ठेपलं होतं.

काकी कुंपणाच्या आत माडासाठी खड्डा खणत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "इंग्रजीत काय म्हणालात हो?"

साहेबांना अवघडल्यासारखं झालं. पंच्याहत्तरीच्या बाईला तिचं घर बुडणार हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "म्हणजे... आज ना उद्या व्हायचंच ते. टळत नाही."

"ते मलाही दिसतंय. पण आज ना उद्या म्हणजे कधी?"

"पंधरा... फार तर वीस वर्षं."

काकींनी खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं आणि बोटांवर हिशेब केला. "सातव्या वर्षी माडाला नारळ धरतो. पुढची तेरा वर्षं खाऊ की!"

मग रोप साहेबांच्या हातात देत म्हणाल्या, "नीट सरळ धरा. वाकडा वाढला, तर वीस वर्षं मलाच बघत बसावं लागेल."