रखवालदार येतो की नाही

टक्.

कपड्याचा चिमटा फरशीवर पडला आणि तिने चटकन मागे पाहिलं. धाकट्याने कूस बदलली, झोपेतच ओठ चोखले आणि पुन्हा गाढ झोपला. वाचले. ती चवड्यांवर उभी राहिली आणि निसटलेली चिठ्ठी परत दोरीवर लावली.

खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत पाच दोऱ्या ताणलेल्या होत्या. एक दोरी म्हणजे तिच्या रहस्यमालिकेचा एक भाग. धाकटा झोपला, की दोरीवरचे लंगोट काढायचे आणि खुणांच्या चिठ्ठ्या वाळत घालायच्या, अशी तिची लिहिण्याची पद्धत होती. एका दीपगृहाचा रखवालदार एके सकाळी नाहीसा होतो आणि त्याची मुलगी त्याचा माग काढते, अशी ती गोष्ट. चार भाग छापून झाले होते. पाचव्या दोरीवर अजून फक्त एक ओलं झबलं होतं.

रखवालदार परत येतो की नाही, हे संध्याकाळपर्यंत संपादकबाईंना कळवायचं होतं. मालिका आखताना तिने ठरवलं होतं, येतो. आता ठरवलं होतं, येत नाही. पहिला भाग छापखान्यात गेला तेव्हा तिचा नवरा घरात होता. तिसरा गेला तेव्हा तो घर सोडून गेला होता.

"मारा खुशाल त्याला," संपादकबाई सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या. "पण छापलेलं काही आता बदलता यायचं नाही. आणि त्यातली एकूण एक खूण तो येणार म्हणून ओरडतेय. पहिल्या दोन भागांत निदान जपून तरी पेरल्या होत्यात. तिसऱ्यापासून काय झालं तुम्हाला? पानोपानी खुणा!"

"हो का?" ती म्हणाली होती. तिच्या खरंच लक्षात आलं नव्हतं.

म्हणून दुपारभर बसून तिने एकेका खुणेची वासलात लावली होती. शाळेतून आलेली मोठी लेक बिस्किटाचा पुडा घेऊन दोऱ्यांखाली मांडी ठोकून बसली. प्रत्येक भागाची पहिली वाचक तीच, आणि दयामाया न दाखवणारी.

"विचार," आई कुजबुजली.

"जोडे. त्याने चांभाराकडे नवे तळ लावायला टाकलेत."

"गडबडीत विसरला."

"तूच म्हणतेस ना, तुझ्या गोष्टीत कुणी उगाच काही विसरत नाही?" मोठीही कुजबुजतच भांडत होती. "बरं, दूधवाला. त्याला सांगून गेलाय, थोडेच दिवस दूध बंद ठेव."

"दूधवाला खोटं बोलतोय."

"का? त्याचं काय अडलंय?"

आईने दूधवाल्याची चिठ्ठी काढून पाहिली आणि परत लावली.

"आणि बुद्धिबळाचा डाव? अर्धा ठेवलाय. वर लिहिलंय, सोंगट्यांना हात लावू नये." मोठीने बिस्किटाचा तुकडा मोडला. "कायमचा जाणारा माणूस असं लिहील का गं? तो म्हणेल, घाला चुलीत."

"हळू बोल, उठेल तो."

"तू चीटिंग करतेयस, आई. आधी सगळं दाखवलंस आणि आता म्हणतेस ते तसं नव्हतंच. वाचणारी मुलं चिडतील. मी तर पुस्तकच फेकून देईन."

आईने वर पाहिलं. चार दोऱ्या खुणांनी वाकल्या होत्या. इतक्या चिठ्ठ्या आपण कधी लावल्या, हे तिला आठवेना. खालून पोरगी डोळे वटारून बघत होती. या वाचकापुढे कुणाची मात्रा चालत नाही.

"बरं बाई," ती म्हणाली. "येतो."

"नक्की?"

"नक्की. खुणा ठेवून गेलाय म्हटल्यावर यायलाच हवं."

तिने झबलं काढून खांद्यावर टाकलं, कोऱ्या चिठ्ठीवर 'येतो' लिहिलं आणि पाचव्या दोरीला चिमटा लावला. अवघड नव्हतं तसं. संपादकबाईंना फोन लावायला ती उठलीसुद्धा.

मोठी मात्र तिथेच बसून होती. पुड्यातलं शेवटचं बिस्किट हातात तसंच होतं. तिने कपाटाकडे पाहिलं, मग दारामागच्या खुंटीकडे, मग चपलांच्या फळीकडे.

"आई," तिने विचारलं, "आपले बाबा काय काय ठेवून गेलेत?"